अँबेसेडरचं इंजिन पुढून गळतंय: तिसरं सील आणण्याआधी

प्रश्न असा आहे. घरची १९७८ ची अँबेसेडर मार्क थ्री, मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. क्रँक पुलीखाली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाला पंख्याचा पट्टा फिरवणाऱ्या चाकाखाली, ऑइल ठिबकतं. मिस्त्रीने दोनदा पुलीमागचं ऑइल सील बदललं. दोन्ही वेळा महिना-दीड महिना बरं चाललं आणि मग पुन्हा ठिबक सुरू झाली. आता तो म्हणतो, इंजिन उतरवून पूर्ण काम करू. उतरवावं का? की ऑइलमध्ये घालायचं गळती थांबवणारं औषध आधी वापरून बघावं?

इंजिन उतरवू नका. या गाडीत पुढचं सील, टायमिंग कव्हर (पुलीमागचं, टायमिंग चेनवरचं पत्र्याचं झाकण), अगदी कव्हरमागची प्लेटसुद्धा इंजिन जागेवर ठेवून करता येते. रेडिएटर काढला की समोर भरपूर जागा मिळते, तेवढं सुख या गाडीने दिलेलं आहे. राहिला प्रश्न सीलचा. दोन नवी सीलं लागोपाठ गेली, म्हणजे ती आपणहून गेलेली नाहीत, त्यांना कुणीतरी घालवलं. तो कोण हे कळेपर्यंत तिसरं सील आणून काही उपयोग नाही.

आधी हे सांगतो की पुढचं सगळं १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाबद्दल आहे. नंतरच्या इसुझू इंजिनवाल्या गाड्यांना यातलं बरंच लागू पडत नाही. बी-सिरीज हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं घराणं. हेच १४८९ सीसी इंजिन तिकडे एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि वाढून १७९८ सीसीचं झालं ते एमजीबीत गेलं. याचा फायदा असा की त्या गाड्यांची मॅन्युअलं तुमच्या टायमिंग कव्हरच्या कामात जवळजवळ जशीच्या तशी वापरता येतात. खाली जे टॉर्कचे, म्हणजे नट-बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे, आकडे देतोय ते तिथलेच.

ऑइल कुठून येतंय हे ठरवायला एक संध्याकाळ द्या. इंजिनाचा पुढचा भाग रॉकेल आणि जुन्या ब्रशने घासून स्वच्छ करा, फडक्याने पुसा आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी इंजिन बंद असतानाच टायमिंग कव्हर, त्याच्या कडा, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) पुढचा जोड, पुलीच्या मागची जागा या सगळ्यांवर टाल्कम पावडर फुंका. मग गाडी चालू करा, गरम होऊ द्या, दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि लगेच टॉर्च घेऊन खाली बघा. पांढऱ्यावर काळी रेघ कुठून निघाली ते स्पष्ट दिसतं. ऑइल खाली वाहतं आणि पंख्याचा वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे सगळ्यात ओली जागा बघायची नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

इथे एक खूण फार कामाची आहे. पुलीच्या रेषेत, म्हणजे पुली ज्या पातळीत फिरते त्याच पातळीत, खालच्या क्रॉसमेंबरवर आणि आजूबाजूला ऑइलचा शिडकावा पट्टीसारखा उडालेला असेल, तर ऑइल पुलीच्या बोशीवरून, म्हणजे तिचा जो गोल दांडा सीलमध्ये फिरतो त्यावरून, बाहेर येऊन फेकलं जातंय. मग सील किंवा पुलीची चावी (पुलीला क्रँकशाफ्टवर पक्कं धरणारा, खाचेत बसणारा लोखंडी तुकडा), दोघांपैकी एक. पण पुली कोरडी आणि कव्हरचा खालचा काठ तेवढा ओला असेल, तर सीलचा काही संबंध नाही. कव्हरचं पॅकिंग किंवा चेंबरचा पुढचा कोपरा गळतोय. थेंब मात्र दोन्ही वेळा खाली एकाच ठिकाणी पडतो, आणि म्हणूनच बिचारं सील पुन्हा पुन्हा बदललं जातं.

वरचं झाकण विसरू नका. रॉकर कव्हरची, ज्याला गॅरेजमध्ये बहुतेक जण टॅपेट कव्हर म्हणतात, त्याची बुचाची पट्टी पुढच्या कोपऱ्यात दबली की ऑइल ब्लॉकवरून ओघळून टायमिंग कव्हरवर येतं. गळतंय म्हणून कुणीतरी वरचे दोन नट आणखी आवळतो, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. त्या नटांना मॅन्युअलमध्ये फक्त ४ फूट-पौंड दिलेले आहेत. हाताने लागेपर्यंत आणि वर थोडंसं, इतकंच. तुमची गळती इथेच निघाली तर पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही.

आता मूळ मुद्दा. सील महिन्याभरात हरतं त्याचं कारण पुष्कळदा इंजिनाच्या पोटातला दाब असतो. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांवरून थोडा गॅस खाली जातोच, तो बाहेर पडायला वाट लागते. या इंजिनात दोन वाटा असतात: रॉकर कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी, आणि बाजूच्या झाकणावरून खाली रस्त्याकडे तोंड करून गेलेली ब्रीदरची पत्र्याची नळी. शिवाय ऑइल भरायच्या टोपणात जाळी असते, ती कुजक्या ऑइलने बुजते. या वाटा बंद झाल्या की गॅस सगळ्यात सोप्या जागेतून, म्हणजे सीलच्या ओठाखालून, ऑइल घेऊनच बाहेर पडतो. तिथे जगातलं सगळ्यात महाग सील लावलं तरी टिकणार नाही.

खालची नळी उलट्या बाजूने फुंकून बघा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारमाशीने नळीचं तोंड मातीने लिंपून टाकलेलं असतं, हे मी गंमत म्हणून सांगत नाही, लांब वायर घालून ती माती पाडावी लागते. दुसरा प्रकार माणसांचा. एअर क्लीनर बदलताना वरच्या नळीला जागा उरत नाही, मग तिच्या तोंडात एक बोल्ट ठोकून क्लिप आवळलेली असते. दिसायला नीटनेटकं, इंजिनाचा मात्र श्वास कोंडलेला.

वाटा मोकळ्या केल्यावर दाब मोजा. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून एका फळीला बांधा, निम्मी होईल इतकं पाणी भरा. एक तोंड डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. इंजिन गरम करून आयडलला चालू ठेवा. इंजिनाकडच्या नळीतलं पाणी किंचित वर चढलं तर पोटात हलकी ओढ आहे, उत्तम. दोन्हीकडे पातळी साधारण सारखी राहिली तरी चालेल. पण उघड्या बाजूचं पाणी वर ढकललं जात असेल आणि रेस दिल्यावर आणखी चढत असेल, तर रिंगा आणि बोअर दमले आहेत. अशा वेळी कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या, आधी कोरडं आणि मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून. ऑइल घातल्यावर आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा. मग पुढच्या सीलवर पैसे घालण्याऐवजी ते इंजिनाच्या कामासाठी राखून ठेवा.

आणि हो, डिपस्टिक नीट बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असलं तरी पुढून गळतं. बदलताना आधुनिक पातळ सिंथेटिक घातलं असेल तर तेही काढा. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० किंवा आपल्याकडे सहज मिळणारं २०डब्ल्यू-४० बरं.

हे सगळं ठीक निघालं आणि ऑइल पुलीवरूनच येतंय असं दिसलं, तरच उघडा. रेडिएटर, पट्टा आणि मग पुलीचा मोठा नट. त्याच्या लॉक वॉशरची वाकवलेली जीभ आधी सरळ करा. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांपुढे-मागे दगड लावलेले, मग लांब दांड्याने नट सुटतो. छिन्नी-हातोड्याने नट फिरवायचा नाही. स्टार्टर मारून सोडवायची जी एक युक्ती सांगतात ती तर अजिबात करू नका, पाना कुठे उडेल याचा नेम नाही. पुली काढताना दोन बाजूंनी सारखा जोर द्या, आणि टॉमीचा, म्हणजे उचकटायच्या दांड्याचा, टेकू टायमिंग कव्हरवर घेऊ नका. ते पातळ पत्र्याचं आहे. एक पोचा पडला की सीलची बैठक वाकडी झालीच म्हणून समजा.

पुली हातात आली की तिची बोशी स्वच्छ पुसा आणि अंगठ्याचं नख पुढून मागे फिरवा. सीलच्या ओठाने वर्षानुवर्षं घासून केलेली खाच असेल तर नख तिथे अडकतं. नखाला लागणारी खाच म्हणजे नव्या सीलला न पेलणारी. पहिला महिना नव्या ओठाचा ताण ती झाकतो, मग ओठ जरा सैलावतो आणि ऑइल खाचेतून वाट काढतं. तुमचं महिना-दीड महिन्याचं गणित याच्याशी अगदी जुळतं. माझा पहिला संशय इथेच आहे.

यावर तीन उपाय आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे नवं सील कव्हरमध्ये एक-दीड मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवायचं, म्हणजे ओठ खाचेवर न येता कोऱ्या जागेवर फिरतो. कव्हरमध्ये तेवढी खोली असेल तर जरूर करा. दुसरा, बोशीवर पातळ स्टीलची बाही चढवायची. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह नावाची अशी बाही मिळते, तिची जाडी मिलिमीटरच्या पावपट-तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते म्हणून सीलचं माप बदलावं लागत नाही. बोशीचा व्यास व्हर्नियरने न घासलेल्या भागावर मोजून नेमकी मागवावी लागते. तिसरा, चांगला टर्नर गाठून बोशी उतरवून जाड बाही ठोकून घ्यायची. यात एक पथ्य आहे. लेथचं टूल पुढे सरकत जातं तेव्हा पृष्ठभागावर आट्यांसारखी बारीक गोलगोल चढती रेघ उमटते. डोळ्याला दिसतही नाही, पण पुली फिरली की ती रेघ ऑइलला पंपासारखी बाहेर ढकलते. म्हणून शेवटचा हात ग्राइंडिंगचा हवा, आणि चाक आडवं न सरकवता सरळ आत नेऊन. घरी पॉलिश पेपर मारायचा असेल तरी तो गोलाकार मारा, दांड्याच्या लांबीत ओढू नका.

पुलीचं मधलं भोक आणि चावीची खाचही तपासा. क्रँकवर पुली डुगडुगत असेल तर सीलचा ओठ तिच्यामागे धावूच शकत नाही. शिवाय चावीच्या खाचेतून ऑइल सीलला वळसा घालून थेट नटाखालून बाहेर येऊ शकतं. सील कितीही चांगलं असो, तो रस्ता त्याच्या अखत्यारीतच नाही. पुली बसवताना चावीच्या खाचेत आणि वॉशरखाली सीलंटचा बारीक थर द्यायचा. या एका गोष्टीसाठी दोन-दोन सीलं बदललेल्या गाड्या येतात.

आता कव्हर. आत दोन प्रकार आढळतात. जुन्या कव्हरांत नमद्याची रिंग, म्हणजे फेल्ट, आणि नंतरच्यांत स्प्रिंगवालं रबरी सील. तुमच्या गाडीत काय आहे हे सालावरून ठरवू नका, इतक्या वर्षांत कव्हर बदललेलं असू शकतं. कव्हरच्या आत, क्रँकवर, एक पत्र्याची तबकडी असते. तिला ऑइल थ्रोअर म्हणतात. सीलपर्यंत येणारं ऑइल भिरकावून देणं हे तिचं काम. तिची खोलगट बाजू पुढे, कव्हरकडे येते. ‘एफ’ अक्षर ठोकलेलं असेल तर ते समोरून दिसलं पाहिजे. उलटी बसवलेली तबकडी ऑइल सीलवरच ओतते, आणि ‘ही कशाला हवी’ म्हणून काढून टाकलेलीही मी पाहिली आहे. फेल्टवालं कव्हर काढून रबरी सीलवालं बसवायचं असेल तर तबकडीही त्याच जोडीची घ्यायची. एमजीएवाले परदेशात एमजीबीचं कव्हर घालतात तेही असंच, दोन्ही मिळून. जोडी फोडली की गळलंच.

कव्हर धुवून काचेच्या जाड तुकड्यावर पालथं ठेवा आणि खोलीतला दिवा मालवून आतून टॉर्च लावा. बोल्टच्या भोकांजवळ कडा काचेला टेकलेली आणि दोन भोकांच्या मध्ये उजेडाची फट, असं चित्र हमखास दिसतं. वर्षानुवर्षं आवळून आवळून भोकांभोवती पत्रा फुगलेला असतो. लाकडाच्या ठोकळ्यावर कड ठेवून भोकांभोवतीचा फुगवटा लहान हातोडीने हलक्या हाताने मागे बसवा, पुन्हा काचेवर ठेवा, फट जाईपर्यंत. याला अर्धा तास लागतो आणि गॅरेजमध्ये हा अर्धा तास कुणी देत नाही. फटीत सीलंटची नळी पिळली जाते. बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळलं जातं, ते सुकून सुटतं आणि चेंबरमध्ये ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. ॲनाबॉन्ड सीलंट वापरा, पण पत्र्याच्या बाजूला, बोटाने पुसून काढल्यासारखा पातळ. आत बघताना कव्हरवर चेन घासल्याची चकाकती रेघ आहे का तेही पाहा. असेल तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर याच वेळी करून टाका.

बोल्ट सगळे इंची आहेत. पाव इंचाचा बोल्ट ६.३५ मिलिमीटरचा. त्याच्या जागी ६ मिलिमीटरचा घातला तर तो फिरतो, लागल्यासारखा वाटतो आणि खरा दाब आला की निसटतो. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तिथे ८ चा जबरदस्तीने घुसवतात, पण आट्यांची फेक, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळी असल्यामुळे आतले आटे खाऊन टाकतो. कव्हरचा एखादा बोल्ट फिरत राहिला तर गळती तिथूनच असते. असे आटे पुन्हा पाडून घ्या. बोल्ट पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला मागताना मापासाठी जुना बोल्ट सोबत न्या, आणि तो मूळचा आहे याची आधी खात्री करा.

सील कव्हरमध्ये ठोकताना तेवढ्याच व्यासाचं सॉकेट किंवा पाइपचा तुकडा टेकवा. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. स्प्रिंगमागे थोडं ग्रीस भरा म्हणजे ठोकताना ती उडत नाही, आणि ओठावरही ग्रीसचं बोट फिरवा. फेल्ट असेल तर ऑइलमध्ये चांगली मुरवून घ्या.

मग येते ती पायरी जी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. या कव्हरला मध्य ठरवणाऱ्या पिना नाहीत. बोल्टच्या भोकांत खेळ आहे आणि कव्हर त्या खेळाइतकं वर-खाली-बाजूला बसू शकतं. ते आधी घट्ट करून मग पुली आत सारली तर सील एका बाजूला दाबलेलं आणि दुसऱ्या बाजूला लोंबतं राहतं. पहिला महिना ओठाची लवचीकता सांभाळून घेते, पुढे नाही. म्हणून कव्हरचे बोल्ट बोटाने लावून सैल ठेवा, पुलीच्या बोशीला ऑइल लावून ती सीलमधून हळूच पूर्ण आत सारा, कव्हर किंचित हलवून ते पुलीभोवती आपोआप मध्यावर येऊ द्या, आणि पुली जागेवर असतानाच बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. पाव इंची बोल्टना ६ फूट-पौंड, म्हणजे जेमतेम ८ न्यूटन-मीटर. पाच-सोळांशना १४, म्हणजे १९. पुलीच्या नटाला ७० फूट-पौंड, साधारण ९५ न्यूटन-मीटर, आणि वॉशरची जीभ पुन्हा वाकवायची.

टाल्कम पावडरने चेंबरचा पुढचा कोपरा दाखवला असेल तर काम वेगळं. चेंबरच्या पुढच्या अर्धगोलात बुचाची पट्टी असते. ती, चेंबरचं पॅकिंग आणि पुढची प्लेट जिथे मिळतात तो तिठा गळतो. पट्टी दुकानात वर्षं काढून सुकलेली, आखडलेली असते. कोमट पाण्यात ठेवली की मूळ लांबीवर येते. टोकं कडेच्या किंचित वर राहिली पाहिजेत, कापून सपाट करू नका. सीलंट फक्त त्या तिठ्यावर. चेंबरच्या बोल्टनाही ६ फूट-पौंडच. ऑइल कव्हरच्या मागून, प्लेट आणि ब्लॉकच्या मधून येत असेल तर चेन, कॅमचा गिअर, टेन्शनर, कॅमची अडसर प्लेट हे सगळं काढावं लागतं. गिअरांवरचे ठिपके समोरासमोर आणूनच सुटं करा आणि प्लेट सैल करण्याआधी चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या. हे काम दिवसभराचं आहे, पण तरीही इंजिन गाडीतच राहतं.

औषधाबद्दल विचारलंत. ती द्रव्यं रबर थोडं फुगवतात. वयाने कडक झालेल्या रबरी सीलला काही दिवस फरक पडतो. तुमचं सील नवं आहे, ते कडक झालेलंच नाही. फेल्ट, बुचाची पट्टी, चावीची खाच आणि वाकडा पत्रा यांच्यावर त्यांचा काही परिणाम होत नाही.

आणि फेल्टवालं कव्हर निघालं, दाब ठीक असला, रात्रभरात खाली रुपयाएवढा डाग पडत असेल, तर मी तिथे थांबेन. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. मात्र ऑइल पट्ट्यावर, खालच्या रेडिएटर होजवर किंवा इंजिनाच्या माउंटिंगच्या रबरावर जात असेल तर थांबू नका. ती रबरं फुगून मऊ पडतात आणि मग घाटात पट्टा सुटतो किंवा होज फुटतो.